टप्पेवारी पाणीदर

घरगुती वापर वाढेल तसा दर हजार लिटरमागचा भाव चढवत नेणारी आकारणी. गरजेपुरते पाणी स्वस्त राहावे आणि उधळपट्टी खिशाला जाणवावी, हा तिचा हेतू.

मुंबई महापालिकेच्या रचनेत माणशी रोज १५० लिटरपर्यंत मूळ दर. २०० पर्यंत दुप्पट, २५० पर्यंत तिप्पट, त्यापुढे चौपट. मात्र अनेक सोसायट्यांत इमारतीला एकच मीटर असतो आणि बिल सदनिकांत सारखे वाटले जाते. गळका नळ तातडीने दुरुस्त करणाऱ्या कुटुंबाच्या पदरात त्यामुळे फारसे काही पडत नाही. चढत्या दराचे बळ इथेच गळून जाते. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देताना घरोघरी मीटर बसवले, ते म्हणूनच मोलाचे.

कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन रँच या पाणीपुरवठा संस्थेने १९९१ मध्ये घरातील माणसे, बागेचे क्षेत्र व हवामान पाहून प्रत्येक घराचा कोटा ठरवायला सुरुवात केली. मोठ्या कुटुंबांना ही पद्धत अधिक न्याय्य.

दिल्लीच्या २०१५ च्या योजनेत महिना २०,००० लिटर मोफत; मर्यादा ओलांडताच सगळ्या वापराचे बिल. मर्यादेच्या आत बचत करणाऱ्याला मात्र काहीच लाभ नाही.