बॉन्डपटांची मोजदाद

५ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडनच्या लंडन पॅव्हिलियन चित्रगृहात 'डॉक्टर नो' पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच दिवशी बीटल्सची 'लव्ह मी डू' ही तबकडी ब्रिटनमध्ये बाजारात आली. बीटल्सची साथ १९७० मध्ये सुटली, त्यामुळे त्यांचा कोणताही वर्धापनदिन आता आठवणींपुरता असतो. बॉन्डपटांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. मालिका अजून संपलेली नाही, तिचा नायक म्हातारा होत नाही, आणि तरीही तिची वर्षे दर काही काळाने जाहीरपणे मोजली जातात. ती मोजणी कशाची, ती कोण करते आणि तिच्यामुळे प्रत्यक्ष चित्रपटाचे काय होते, हे तपासण्यासारखे आहे.

आधी दोन संज्ञा वेगळ्या करू. चित्रपटांच्या क्रमांकावरून येतो तो टप्पा : दहावा, विसावा, पंचविसावा. दिनदर्शिकेवरून येतो तो वर्धापनदिन : पंचवीस वर्षे, चाळीस, पन्नास. आरंभी ही दोन घड्याळे बरोबरीने चालत होती, कारण १९६२ ते १९६५ या चार वर्षांत चार चित्रपट आले. पुढे अंतर वाढत गेले. 'लायसन्स टू किल' (१९८९) आणि 'गोल्डनआय' (१९९५) यांच्यामध्ये हक्कांच्या न्यायालयीन वादात सहा वर्षे गेली. 'स्पेक्टर' (२०१५) आणि 'नो टाइम टू डाय' (२०२१) यांच्यामध्येही तेवढीच गेली, त्यातले शेवटचे दीड वर्ष करोनाच्या साथीने खाल्ले. चित्रपट जसजसे विरळ झाले, तसतसे वर्धापनदिन ठळक होत गेले. मालिकेला दहा वर्षे झाली त्या १९७२ साली नवा बॉन्डपट आला नव्हता. २०२२ सालीही आला नव्हता, पण या वेळी साठी साजरी झाली. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बॉन्डसंगीताची मैफल झाली, ख्रिस्तीजने लिलाव मांडला आणि त्यात एक अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ सुमारे २९ लाख पौंडांना गेली. ती १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मधली गाडी नव्हती. 'नो टाइम टू डाय'मधल्या स्टंटसाठी बनवलेली ती प्रतिकृती होती.

आता आकडा. 'नो टाइम टू डाय' हा पंचविसावा बॉन्डपट, असे सगळीकडे छापले जाते. हे पंचवीस म्हणजे अल्बर्ट ब्रोकोली आणि हॅरी साल्ट्झमन यांनी उभ्या केलेल्या इऑन प्रॉडक्शन्सचे चित्रपट. १९६७ चा विनोदी 'कसिनो रॉयल' त्यात नाही. 'थंडरबॉल'च्या कथेवर केव्हिन मॅक्लोरीचा हक्क होता, त्यातून १९८३ मध्ये शॉन कॉनरीलाच घेऊन निघालेला 'नेव्हर से नेव्हर अगेन'ही त्यात नाही. ते दोन धरले तर सत्तावीस होतात. आरंभबिंदूचेही तसेच आहे. इयान फ्लेमिंगची पहिली कादंबरी 'कसिनो रॉयल' १३ एप्रिल १९५३ रोजी प्रसिद्ध झाली, आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर बॅरी नेल्सनने बॉन्डची भूमिका केली. पडद्यावरचा पहिला बॉन्ड तोच, पण त्याच्यापासून कोणी वर्षे मोजत नाही. मोजणी सुरू होते ती जिथून मालकी सुरू होते तिथून. त्याच पहिल्या कादंबरीचे चित्रपटहक्क इऑनच्या बाजूला यायला १९९९ उजाडले, म्हणून बॉन्डची पहिली गोष्ट मालिकेत एकविसाव्या क्रमांकावर, २००६ साली आली.

टप्प्यांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. दहाव्या 'द स्पाय हू लव्हड मी'चा पहिला खेळ ७ जुलै १९७७ ला ठेवला, म्हणजे सातांची ओळच लावली. शिवाय त्या चित्रपटातल्या महाकाय तेलवाहू जहाजाच्या आतल्या सेटसाठी पाइनवुड स्टुडिओत '००७ स्टेज' बांधले. 

खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे तो चित्रपटाच्या आत शिरणाऱ्या स्मरणाचा. ही युक्ती वर्धापनदिनासाठी जन्माला आलेली नाही. १९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये कॉनरीच्या जागी जॉर्ज लेझनबी आला, तेव्हा नामावलीत वाळूच्या घड्याळासोबत जुन्या चित्रपटांतले चेहरे सरकत गेले. पुढे एका प्रसंगात बॉन्ड आपल्या टेबलाचा खण उघडतो आणि आधीच्या साहसांतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढतो, त्यात 'डॉक्टर नो'मधल्या हनी रायडरचा सुराही असतो. हा तोच माणूस आहे, अशी नव्या चेहऱ्यासाठी दिलेली ती हमी होती. प्रेक्षकाचा विश्वास डळमळेल अशी शंका आली की मालिका जुने खण उघडते, हे सूत्र तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

पण ही आठवण कोणाची असते? १९८३ च्या 'ऑक्टोपसी'मध्ये उदयपूरच्या घाटावर विजय अमृतराज गारुड्याच्या वेषात बॉन्डची वाट पाहत बसलेला असतो, आणि पुंगीवर वाजवतो ती चक्क बॉन्डची धून. बॉन्ड ती खूण ओळखतो. कथेच्या जगात ही धून अस्तित्वात असण्याचे कारणच नाही. ती सभागृहातल्या माणसाला ठाऊक आहे. स्मरण प्रेक्षकाचे असते, पात्राला ते उसने दिलेले असते. कथेच्या आत काळ ठामपणे नोंदलेला सापडतो तो थडग्यांवर : 'फॉर युअर आईज ओन्ली'च्या आरंभी बॉन्डच्या पत्नीच्या दगडावर १९४३–१९६९, आणि 'नो टाइम टू डाय'मध्ये त्याची प्रेयसी व्हेस्पर हिच्या दगडावर १९८३–२००६. त्या दोघींचे वय कायमचे ठरले आहे, त्याचे कधीच ठरत नाही.

ही उसनी आठवण कथेत काही बदलते का, या कसोटीवर दोन मोठे सोहळे तपासू. २००२ चा 'डाय अनदर डे' हा विसावा चित्रपट मालिकेच्या चाळिशीत आला, म्हणजे दोन्ही घड्याळांचे ठोके एकाच वर्षी पडले. त्यात हॅली बेरी समुद्रातून 'डॉक्टर नो'मधल्या उर्सुला अँड्रेससारखी वर येते. बॉन्डला यंत्रे पुरवणाऱ्या क्यूच्या तळघरात खलनायिका रोझा क्लेबचा पात्याचा बूट आणि 'थंडरबॉल'चे पाठीवरचे उड्डाणयंत्र मांडून ठेवलेले असते. घड्याळ देताना हे तुझे विसावे, असे क्यू बॉन्डला सांगतो. कथेत तो घड्याळांचा हिशेब आहे, सभागृहात चित्रपटांचा. या वस्तूंनी कथेत काहीच बदलत नाही. बूट काढून टाकला तरी प्रसंग तसाच उभा राहतो. माझ्या मते याच कारणाने तो सोहळा पोकळ वाटतो.

२०१२ च्या 'स्कायफॉल'ने पन्नाशी वेगळ्या रीतीने केली. २००६ मध्ये डॅनियल क्रेगपासून कथा नव्याने सुरू झाली होती. त्या बॉन्डने डीबी५ बहामामध्ये पत्त्यांच्या डावात जिंकली होती. ती साधी, डाव्या बाजूला चाक असलेली गाडी होती. 'स्कायफॉल'मध्ये मात्र तो आडोशातून गाडी काढतो तेव्हा चाक उजवीकडे आहे, पाटीवर 'गोल्डफिंगर'मधलाच बीएमटी २१६ ए हा क्रमांक आहे, आणि बॉन्डची वरिष्ठ एम गाडीच्या गैरसोयीबद्दल कुरकुरते तेव्हा तो गिअरच्या मुठीवरचे झाकण उचलून लाल बटणावर अंगठा ठेवतो. मला दे उडवून, असे एम शांतपणे म्हणते. हा बॉन्ड 'गोल्डफिंगर'मधला खुर्ची उडवण्याचा प्रसंग जगलेलाच नाही, तरी खुर्ची उडते हे त्या दोघांना माहीत आहे. कथेचा तर्क इथे उघड मोडतो, आणि मला तो मोडलेला चालतो, कारण पुढे त्या आठवणीची किंमत मोजली जाते. ती गाडी गोळ्यांनी चाळण होते आणि पेटते, बॉन्डचे वडिलोपार्जित घर उडवले जाते, आणि ज्युडी डेंचची एम मरते. मग शेवटी चामड्याची गादी लावलेले दार, त्यामागे नवा एम, बाहेर त्याची सचिव मनीपेनी, अशी १९६२ ची मांडणी परत येते. पिस्तुलाच्या नळीतून बॉन्ड दिसण्याचे दृश्यही सुरुवातीचे उचलून शेवटी ठेवले आहे. इथे आठवण ही जाळून झाल्यावर परत मिळालेली वस्तू असते.

पंचविसाव्या चित्रपटाने याच्याही पुढे जाऊन बॉन्डलाच मारले, आणि श्रेयनामावलीनंतर तो परत येईल ही नेहमीची ओळ ठेवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मालिकेचे सर्जनशील नियंत्रण ब्रोकोली घराण्याकडून अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे गेले. म्हणजे जुने खण उघडायला लावणारी स्थिती पुन्हा आली आहे, या वेळी मालकच नवा आहे.

दरम्यान आणखी एक मोजणी चालू आहे, तिचा सोहळा कोणी करत नाही. फ्लेमिंग १२ ऑगस्ट १९६४ रोजी वारला, 'गोल्डफिंगर' पडद्यावर येण्याच्या महिनाभर आधी. लेखकाच्या मृत्यूपासून ब्रिटनमध्ये ग्रंथहक्काची सत्तर वर्षे धरतात, भारतात साठ. त्यामुळे ब्रिटनमध्ये त्याची पुस्तके २०३४ संपेपर्यंत बंधनात आहेत, आणि भारतात त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या १ जानेवारी २०२५ पासून मोकळ्या झाल्या आहेत. कोणी मराठी अनुवादक आज १९५३ चा 'कसिनो रॉयल' कोणालाही न विचारता मराठीत आणू शकतो. पिस्तुलाची नळी, ती धून आणि चित्रपटांनी घडवलेले बाकी सगळे मात्र त्याला बाजूला ठेवावे लागेल. त्याच्या हाती येईल तो त्या पंचविसांतल्या सगळ्याच चित्रपटांआधीचा बॉन्ड.