रजनी पंडित : मोलकरीण बनून खुनाचा छडा लावणाऱ्या मराठी डिटेक्टिव्ह

पूर्वी पुण्यात स्थळाची चौकशी करणं सोपं होतं. मुलगा नारायण पेठेतला असेल तर तिथल्या ओळखीच्या काकूंना गाठायचं. वाड्यात कोण कसं आहे हे अख्ख्या वाड्याला ठाऊक असायचं. आता मुलगा हिंजवडीत नोकरीला, राहायला वाकडच्या फ्लॅटवर आणि शेजाऱ्याला त्याचं आडनावही माहीत नाही. मग काकूंचं काम पैसे घेऊन डिटेक्टिव्ह एजन्सी करते.

या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं मराठी नाव म्हणजे रजनी पंडित.

रजनी यांचा जन्म १९६२ चा, ठाणे जिल्ह्यातला. वडील मुंबई पोलिसांच्या सीआयडीत होते. रजनी रुपारेल कॉलेजात मराठी साहित्य शिकल्या. तिथे वर्गातली एक मुलगी वाईट संगतीला लागल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माग काढून तिच्या घरच्यांना सगळं दाखवलं. तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारलं, तू गुप्तहेर आहेस का?

पुढे त्या एका ऑफिसात कारकून झाल्या. तिथल्या सहकारी बाईंच्या घरातून पैसे जात होते आणि संशय नव्या सुनेवर होता. रजनी यांनी पाळत ठेवली, तर चोर निघाला घरचाच मुलगा. ही त्यांची पहिली केस, १९८३ ची. १९९१ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची एजन्सी सुरू केली.

बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा वाचून वाढलेल्या महाराष्ट्राला डिटेक्टिव्ह नवा नव्हता. पण पुस्तकातले झुंजार आणि धनंजय पुरुष होते. इथे खरीखुरी बाई हे काम करत होती, आणि तिचा फायदाही होता. मोलकरणीकडे कोण लक्ष देतं?

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध केस तीच. एका बाईने नवऱ्याचा आणि मुलाचा खून करवल्याचा संशय होता, पुरावा मात्र नव्हता. रजनी तिच्या घरी सहा महिने मोलकरीण म्हणून राबल्या. ती आजारी पडली तेव्हा सेवा करून विश्वास मिळवला. एकदा लपवलेल्या रेकॉर्डरचा 'टक्' आवाज झाला आणि बाईला शंका आली. तिने त्यांचं बाहेर जाणंच बंद केलं. शेवटी ज्याला खुनाची सुपारी दिल्याचा संशय होता तो माणूस घरी आला. रजनी यांनी स्वयंपाकघरातली सुरी स्वतःच्या पायावर मारून घेतली, मलमपट्टीच्या निमित्ताने बाहेर पडल्या, एसटीडी बूथ गाठला आणि अशिलाला फोन केला. पोलीस आले, दोघांना अटक झाली. रजनी यांनी हे अनेक मुलाखतींत सांगितलंय.

मग २०१८ उजाडलं. फेब्रुवारीत ठाणे पोलिसांनी खुद्द रजनी पंडित यांनाच अटक केली. आरोप होता बेकायदा सीडीआर मिळवल्याचा. सीडीआर म्हणजे तुम्ही कोणाला, कधी, किती वेळ फोन केला याची नोंद. ही नोंद तपास यंत्रणांनाही ठरलेल्या कायदेशीर प्रक्रियेनेच मिळते, खासगी डिटेक्टिव्हला तो अधिकारच नाही. या प्रकरणात इतर डिटेक्टिव्हही पकडले गेले. रजनी यांना नंतर जामीन मिळाला.

खरी गोची इथेच आहे. भारतात सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्याने परवाना लागतो. डिटेक्टिव्ह एजन्सीसाठी असा वेगळा कायदाच नाही. २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं. त्यात परवाना आणि नियामक मंडळाची तरतूद होती, पण त्याचा कायदा झालाच नाही. म्हणजे उद्या कोणीही पाटी लावून डिटेक्टिव्ह होऊ शकतो.

दुसरीकडे, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं. त्याच कोर्टाने जुलै २०२५ मध्ये, पती-पत्नीने एकमेकांचे चोरून रेकॉर्ड केलेले फोन घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतात, असंही सांगितलं.

सार्वजनिक ठिकाणी निरीक्षण करणं, शेजाऱ्यांशी बोलणं, नोकरी-पदवीची खातरजमा करणं ही डिटेक्टिव्हची नेहमीची कामं. पण 'फोन हॅक करून देतो' किंवा 'सीडीआर काढून देतो' अशी ऑफर आली, तर तो गुन्हा आहे आणि पैसे देऊन ते करवून घेणाराही त्यात अडकू शकतो.