बेरजेवरून ओळख: अबजद ते चेकसम

मजकूर न वाचता तो ओळखता येतो का? प्रश्न संगणकाच्या काळातला वाटतो, पण त्याची मुळे जुनी आहेत. अरबी, फारसी आणि उर्दूत प्रत्येक अक्षराला किंमत आहे: अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४. या चार अक्षरांवरूनच पद्धतीला ‘अबजद’ नाव पडले. दुकानांवर, रिक्षांवर दिसणारा ७८६ म्हणजे ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वाक्यातील अक्षरांची बेरीज. इमारत बांधल्याचे किंवा कुणाच्या निधनाचे हिजरी साल शायर एखाद्या ओळीत असेच गुंफत.

पण साध्या बेरजेला अक्षरांचा क्रम कळत नाही. ‘क़मर’ म्हणजे चंद्र: क़ाफ १००, मीम ४०, रे २००, एकूण ३४०. ‘रक़म’ या शब्दात, ज्यावरून आपली मराठी ‘रक्कम’ आली, तीच तीन अक्षरे आहेत. म्हणून तोही ३४०. चंद्र आणि पैसा एकाच आकड्यात!

हा दोष टाळणारे गणित आपल्या खिशात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. या १२ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून काढतात. ही रीत डच गणितज्ञ वर्हूफ यांनी १९६९ मध्ये मांडली. तिच्यात अंकाची जागाही मोजली जाते, त्यामुळे शेजारचे दोन अंक उलटे लिहिले तर चूक लगेच पकडली जाते. मात्र एका अंकाने लिहिण्यातली चूक सापडते, अख्ख्या मजकुराची ओळख पटत नाही.

त्यासाठी मोठा आकडा हवा. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये रचलेली ‘एमडी५’ पद्धत कोणत्याही फाइलवरून ३२ चिन्हांची खूण काढते. एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते. अमेरिकेतील बोल्डर शहरातल्या युनिडेटा संस्थेची ‘एलडीएम’ ही हवामानाची माहिती वाटणारी प्रणाली हीच खूण वापरते. एकच नोंद दोन वाटांनी आली, तर खूण रांगेत आधीच असल्याचे पाहून दुसरी प्रत नाकारली जाते. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले, तेव्हा निरीक्षणे तारेने येत. तीच तार दोनदा आली तर ते माणसानेच ओळखायचे.

या खुणेलाही मर्यादा आहेत. २००४ मध्ये चिनी गणितज्ञ वांग श्याओयुन आणि सहकाऱ्यांनी एकच एमडी५ खूण असलेले दोन वेगळे मजकूर दाखवले. त्यामुळे मुद्दाम केलेल्या फसवणुकीपुढे ती टिकत नाही. शिवाय खूण फक्त सारखेपणा सांगते, खरेपणा नाही. खोटी नोंदही तिच्या लेखी एक नोंदच.

आपल्यासाठी धडा इथेच आहे. समजा, पावसाळ्याच्या रात्री उत्रोलीत नीरेला पूर आल्याचा किंवा कुठे दंगल पेटल्याचा निरोप दहा गटांतून आला. आपण म्हणतो, “दहा जण सांगतायत, मग खरंच असणार.” संगणक त्याच दहा निरोपांची एकच खूण काढून नऊ बाजूला ठेवतो. दहा प्रती म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. उरलेल्या एका निरोपाची शहानिशा मात्र कोणतीही बेरीज करून देत नाही. त्यासाठी आपल्यालाच नदीकाठच्या माणसाला फोन करावा लागतो.