काट्याची साक्ष

आगबोटीच्या इतिहासाविषयीं आपल्याकडे जें कांहीं लिहिलें जातें, त्यांत वॅट, फुल्टन आणि ब्रुनेल हीं नांवें हटकून येतात. बोटीची लांबी-रुंदी, तिच्या चाकांचा व्यास, अटलांटिक ओलांडावयास तिला लागलेले दिवस, ही माहितीहि वाचकांस मिळते. परंतु भट्टीपुढें उभा राहून कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यास बॉयलरच्या पोटांत काय चाललें आहे हें कसें कळे, आणि जें कळे तें खरें कीं खोटें हें तो कसें ठरवी, या प्रश्नाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. वस्तुतः बोटीवरील सर्वांचे प्राण या एका प्रश्नाच्या उत्तरावर टांगलेले असत. आणि उत्तर चुकलें तर प्रथम मरणारा तोच असे.

बॉयलर म्हणजे चोहोंकडून बंद असें लोखंडी भांडें. त्यांतील दोन गोष्टी जाणावयाच्या असतात: पाणी किती आहे आणि वाफेचा दाब किती आहे. पाणी ओसरलें तर आगीवरचा पत्रा उघडा पडून लाल होतो व मऊ पडतो. दाब बेसुमार वाढला तर धडधाकट पत्राहि फाटतो. आरंभींच्या आगबोटींत पाण्याची परीक्षा करण्यास बॉयलरच्या अंगावर एकीखालीं एक अशा तोट्या बसवीत. वरच्या तोटींतून वाफ आणि खालच्या तोटींतून पाणी आलें, म्हणजे सर्व कांहीं ठीक आहे असें समजावयाचें. दाबाकरितां पाऱ्याची नळी असे, पण हेलकावे खाणाऱ्या बोटीवर पाऱ्याचा उपयोग बेताचाच. मुख्य भिस्त सुरक्षा-झडपेवर. ती दांड्यावरील वजनानें दाबून धरलेली असे व ठराविक मर्यादेपलीकडे वाफ गेली कीं आपोआप उचलली जाई. पुढें चाललेल्या बोटीस गांठावयाचें असलें, कीं त्या दांड्यावर आणखी एखादें वजन अडकविण्याचा मोह अमेरिकेंतील नद्यांवर पुष्कळांस होई.

अशा बोटी इतक्या फुटूं लागल्या कीं फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटनें १८३० सालीं या अनर्थाची चौकशी हातीं घेतली. प्रयोगांच्या खर्चास अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें पैसा दिला. शास्त्रीय संशोधनास त्या सरकारनें दिलेलें हें पहिलें द्रव्यसाहाय्य होय. समितीचे प्रमुख अलेक्झांडर डॅलस बेच यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक लहानसा बॉयलर करविला व त्यास कांचेच्या खिडक्या बसविल्या. तोपर्यंत जें केवळ तर्कानें ठरविलें जात होतें तें प्रथमच डोळ्यांनीं दिसलें. तोटी उघडतांच तेथला दाब कमी होई, आंतलें पाणी एकदम फेसाळून वर येई आणि तोटींतून पाणी वाहूं लागे, मग त्याची खरी पातळी तोटीच्या कितीहि खालीं असो! म्हणजे ज्या तोटीस विचारून आगवाला निश्चिंत होई, ती विचारण्याच्या क्रियेनेंच खोटें उत्तर देत होती. तापलेल्या लोखंडावर पाण्याचें पृथक्करण होऊन स्फोटक वायु तयार होतो व त्यानें बॉयलर फुटतो, हा त्या काळचा लाडका सिद्धांतहि या मंडळींनीं निकालांत काढला. आपल्या अज्ञानास एखादा गूढ वायु जबाबदार धरणें फार सोयीचें असतें, त्यामुळें तो सहजीं सुटला मात्र नाहीं.

समितीचें काम १८३६ पर्यंत पुरें झालें. कायदा मात्र झाला नाहीं. १८३८ च्या एप्रिलच्या २५ तारखेस ‘मोझेल’ ही नवी कोरी बोट सिनसिनाटी येथून सुटते न सुटते तोंच तिचे बॉयलर फुटले आणि शंभराहून अधिक उतारू मेले. त्यानंतर, त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत, बोटींच्या तपासणीचा पहिला कायदा झाला. तोहि इतका लेचापेचा होता कीं १८५२ सालीं दुसरा, कडक कायदा करावा लागला. ज्ञान असणें आणि तें अंमलांत येणें यांत किती माणसें मरावीं लागतात, याचा हिशेब इतिहासकारांनीं अद्याप मांडलेला नाहीं.

दरम्यान १८४९ सालीं पॅरिस येथील यूजीन बूर्दों या इंजिनिअरानें दाबमापकाचें पेटंट घेतलें. वाफेच्या यंत्राकरितां केलेली एक वेटोळी नळी कारागिराच्या हातून चेपली गेली. ती फुगवून पूर्ववत् करावी म्हणून आंत दाबानें पाणी भरलें, तों नळी फुगतां फुगतां आपलें वेटोळें उलगडूं लागली, अशी त्याच्या शोधाची हकीकत सांगतात. चपट्या वांकड्या नळीचें एक टोक पक्कें करावयाचें, दुसरें मोकळें ठेवावयाचें. दाब वाढेल तसें तें मोकळें टोक किंचित् सरकतें आणि दांतेरी चाकाच्या योगानें तबकडीवरील काटा फिरवितें. इतकी साधी ही युक्ति. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनांत तिचा गौरव झाला. पारा नको, हेलकाव्यांची भीति नको; घड्याळाकडे पाहावें तसें तबकडीकडे पाहिलें कीं झालें.

पण घड्याळ बंद पडलें तर माणसाची फार तर गाडी चुकते. या नळीचें टोक अगदीं थोडें सरकतें व काटा पुष्कळ फिरतो. म्हणून बारीकसा दोषहि काट्यावर मोठा होऊन उमटतो. कढत वाफ सरळ नळींत शिरली तर धातूचा ताठा जातो. यासाठीं मापकापूर्वीं नळाला एक वेढा देऊन त्यांत पाणी सांठवून ठेवतात. त्या नळांत क्षार किंवा गंज सांचला कीं बॉयलरचा निरोप मापकापर्यंत पोंचतच नाहीं. सर्वांत घातक गोष्ट अशी कीं ‘शून्य’ या एका शब्दाचे येथें अनेक अर्थ होतात: वाफ नाहीं, तोटी बंद आहे, नळ तुंबला आहे, नळी फुटली आहे, किंवा दाब इतका चढला आहे कीं काटा सबंध फेरा करून आरंभींच्या खिळ्याशीं मागल्या बाजूनें येऊन टेकला आहे. तबकडीवर मात्र या सर्वांचें चित्र जवळजवळ एकच दिसतें.

१८७६ च्या जुलैच्या १४ तारखेस इंग्लंडच्या आरमारास याचा जो प्रत्यय आला तो भयंकर होता. ‘थंडरर’ ही नवी चिलखती युद्धनौका एंजिनांच्या पूर्ण शक्तीची परीक्षा देण्याकरितां पोर्टस्मथ बंदरांतून स्टोक्स बेकडे निघाली होती. तिच्या अनेक बॉयलरांपैकीं एकाची वाफ एंजिनाकडे नेणारी झडप बंदच राहिली होती. बाकीचे बॉयलर एंजिन चालवीत असल्यामुळें उणीव कोणास भासली नाहीं. खालीं आग धडधडत होती. त्या बॉयलरचा दाबमापक बिघडलेला होता आणि सुरक्षा-झडप जागच्या जागीं घट्ट बसली होती. या तिहींपैकीं कोणताहि एक दोष एकटा असता तर कदाचित् दुरुस्तीच्या वहींत एका ओळीचें टिपण झालें असतें. तिन्ही एकाच भांड्यावर, एकाच दिवशीं जमले. चौकोनी पेटीच्या घडणीचा तो बॉयलर फाटला. पंधरा माणसें तत्काळ मेलीं, सुमारें सत्तर जखमी झालीं आणि त्यांतील तीस पुढें दगावलीं. ब्रिटिश आरमारांतील बॉयलरच्या अपघातांत याहून मोठा प्राणनाश झालेला नाहीं.

याच नौकेवर १८७९ च्या जानेवारींत मार्मोराच्या समुद्रांत एक अवजड तोफ फुटून अकरा जण मेले. पहिला बार उडालाच नाहीं हें दुसऱ्या तोफेच्या गडगडाटांत कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं व भरलेल्या तोफेंत पुनः दारूगोळा भरला गेला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तो न मानणारेहि होते. तेव्हां तिची जोडीदार तोफ वुलिच येथें आणून १८८० सालीं मुद्दाम दुहेरी भरून उडविली. तीहि तशीच फुटली. बंद भांड्याच्या पोटांतलें न कळणें येथेंहि नडलें. परंतु वुलिचच्या प्रयोगांतील धिटाई मला विशेष मोलाची वाटते: वाद न घालतां त्यांनीं दोष पुनः घडवून पाहिला.

आगबोटींवरच्या जुन्या इंजिनिअरांची रीत थोड्या प्रमाणांत हीच होती. काट्याविषयीं संशय आला तर प्रथम त्याची तोटी बंद करून आंतला दाब सोडून द्यावयाचा. काटा शून्यावर परतला नाहीं, तर दोष मापकाचा. परतला, तर नळांतून वाफ जोरानें सोडून तो मोकळा आहे कीं नाहीं हें पाहावयाचें. मग शेजारच्या बॉयलरच्या काट्याशीं ताडून पाहावयाचें. सर्वांच्या झडपा एकाच मोठ्या नळांत उघड्या असतील तर दाब सारखाच असला पाहिजे, आणि नसेल तर तो न जुळणें हीच मोठी बातमी. पाण्याची पातळी दाखविणाऱ्या कांचेच्या नळीचाहि असाच समाचार घेत: वाफेची वाट, पाण्याची वाट आणि खालची मोरी एकामागून एक उघडून बंद करावयाची. खारें पाणी वापरणाऱ्या बॉयलरांत हें काम वारंवार करावें लागे, कारण त्या वाटा मिठानें बुजून कांचेंत शिळें पाणी तसेंच उभें राही व पातळी उत्तम असल्याचा भास होई.

वाफ गेली, डिझेल एंजिनें आलीं, तरी हा प्रश्न गेला नाहीं. आतां नळाच्या जागीं तार आहे. एंजिनांत बसविलेल्या एका लहानशा घटकाचा विद्युत्-विरोध उष्णतेनें बदलतो व त्याप्रमाणें चालकापुढील काटा हलतो. समुद्राच्या दमट हवेनें तारेचा सांधा हिरवा पडला कीं काटा खोटें बोलूं लागतो. परीक्षा मात्र जुन्या घराण्याचीच. घटकाची तार सोडवून क्षणभर एंजिनच्या उघड्या धातूला टेकवावी. काटा एकदम दुसऱ्या टोकास गेला तर तार व मापक ठीक असून दोष घटकाचा. जागचा हलला नाहीं तर तारेकडे, जोडणीकडे आणि मापकाकडे वळावें. आणि एंजिन खरेंच तापलें असेल तर? म्हणून जाणता तांडेल तारेला हात लावण्यापूर्वीं कठड्यावरून बाहेर वांकतो आणि एंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार नेहमींसारखी समुद्रांत पडते आहे कीं नाहीं, तें पाहून घेतो.