एडी रॉबिन्सन: संघ आपला, प्रशिक्षकही आपला

आंबेडकरी तरुणांना ब्लॅक पँथर कोण हे सांगावे लागत नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हापासून अमेरिकेतील काळ्यांचा लढा आपल्या घरातलाच विषय आहे. माल्कम एक्स, मार्टिन ल्यूथर किंग, मुहम्मद अली ही नावे आपल्या भाषणांत सहज येतात. एडी रॉबिन्सन हे नाव मात्र येत नाही. कारण हा माणूस मोर्चांत दिसला नाही. १९४१ ते १९९७ तो एकाच कॉलेजात फुटबॉल शिकवत राहिला. पण संस्था कशी उभी राहते हे शिकायचे असेल तर याच माणसाकडे जावे लागेल, असे आमचे मत आहे.

जन्म १९१९ सालचा, लुईझियाना राज्यातला. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे, आई लोकांच्या घरी कामाला. पदवी घेतली तरी काळ्या माणसाला प्रशिक्षकाची नोकरी कोण देणार? रॉबिन्सन पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर राबत होते. अशात ग्रॅम्बलिंग नावाच्या गावी काळ्यांसाठीच असलेल्या एका छोट्या कॉलेजने त्यांना बोलावले. अध्यक्षही काळे, विद्यार्थीही काळे. मैदानावरचे गवत कापण्यापासून सगळी कामे प्रशिक्षकानेच करायची. बाहेरगावी सामना असला की डबे बांधून न्यायचे, कारण वाटेतल्या गोऱ्यांच्या हॉटेलात बसून जेवता येत नसे. (ही गोष्ट आपल्या आजोबांना वेगळी समजावून सांगावी लागली नसती.) दुसऱ्याच हंगामात, १९४२ साली, हा संघ नऊच्या नऊ सामने जिंकला आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण करू दिला नाही.

१९४९ साली त्यांचा टँक यंगर हा खेळाडू लॉस एंजेलिस रॅम्स या व्यावसायिक संघात गेला. काळ्यांच्या कॉलेजातून त्या लीगमध्ये पोहोचलेला तो पहिला. पुढे दोनशेहून अधिक गेले.

पण आमच्या दृष्टीने खरा मुद्दा इथून सुरू होतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावरचा मेंदू. चेंडू त्याच्या हाती येतो, डाव तो चालवतो. काळा खेळाडू धावायला आणि धडका द्यायला चालत होता, डोके चालवायला नको होता. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या काळ्या मुलाला व्यावसायिक संघात गेल्यावर दुसऱ्या जागेवर ढकलत. क्रीडा समाजशास्त्रात याला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. आपल्याकडे त्याला वर्णव्यवस्था म्हणतात. अंगमेहनत तुमची, निर्णय आमचा!

रॉबिन्सन यांनी यावर लेख लिहिले नाहीत, क्वार्टरबॅक घडवले. जेम्स हॅरिसला त्यांनी जाणीवपूर्वक त्याच जागेसाठी तयार केले. १९६९ साली हॅरिस बफेलो संघाचा क्वार्टरबॅक म्हणून हंगामाच्या पहिल्याच सामन्यात उतरला. आणि ३१ जानेवारी १९८८ रोजी ग्रॅम्बलिंगच्याच डग विल्यम्सने वॉशिंग्टनला सुपर बोल जिंकून दिला, ४२ विरुद्ध १०. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. सुपर बोल जिंकणारा तो पहिला काळा क्वार्टरबॅक.

इथे पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. चांभार समाजातला हा गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला अधिकृतपणे कधीच दिले गेले नाही. ते १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. बाळूंकडे गुणवत्ता रॉबिन्सनच्या कोणत्याही खेळाडूइतकीच होती. नव्हते ते ग्रॅम्बलिंग. संघ दुसऱ्यांचा होता, निवडणारे दुसरे होते. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उभे केले, ते का, याचे उत्तर आम्हाला बाळूंच्या कारकिर्दीतही दिसते.

रॉबिन्सन यांच्यावर टीकाही झाली. ते सदैव अमेरिकेचे गुणगान करीत, म्हणून जहाल तरुणांना ते मवाळ वाटत. १९६७ साली खुद्द ग्रॅम्बलिंगच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. कॉलेज खेळाच्या नादी लागून अभ्यासाकडे दुर्लक्ष करते, अशी त्यांची तक्रार होती. ती तक्रार आम्हाला गैर वाटत नाही. पण हेच रॉबिन्सन सकाळी वसतिगृहात घंटा वाजवत फिरत आणि खेळाडूंना वर्गात पाठवत, हेही नोंदवले पाहिजे.

१९८५ साली त्यांनी बेअर ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला. ब्रायंट ज्या अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक होते, त्याच्या मुख्य संघातून पहिला काळा खेळाडू खेळला तो १९७१ साली. तोवर दक्षिणेतल्या काळ्या मुलांना ग्रॅम्बलिंगसारखीच कॉलेजे होती. दारे उघडल्यावर मोठ्या विद्यापीठांनी या कॉलेजांकडे येणारी उत्तम मुले उचलून नेली. प्रशिक्षकांना मात्र कोणी बोलावले नाही. समावेश झाला तो खेळाडूंचा, सत्तेत वाटा मिळाला नाही. आरक्षित जागेवर निवडून आलेल्या आपल्या किती प्रतिनिधींची हीच गत आहे?

व्यावसायिक लीगच्या आधुनिक काळात पहिला काळा मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, नेमला गेला १९८९ साली. रॉबिन्सन तेव्हा सत्तर वर्षांचे होते. ती संधी त्यांना कधीच मिळाली नाही. १९९७ च्या हंगामानंतर ते ४०८ विजयांनिशी निवृत्त झाले. २००७ साली ते गेले. ग्रॅम्बलिंगमध्ये त्यांच्या जागी १९९८ साली जो प्रशिक्षक आला, त्याचे नाव डग विल्यम्स.