रक्तपालट आणि स्वभावपालट

दुसऱ्याचें हृदय ज्याच्या छातींत बसविलें, त्याच्या अंगीं त्या दुसऱ्याचा स्वभावहि येतो काय? हा प्रश्न नव्या शस्त्रक्रियेबरोबर जन्मास आला असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो साडेतीनशें वर्षांहून जुना आहे.

१६६७ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें रिचर्ड लोअर व एडमंड किंग यांनीं आर्थर कोगा नांवाच्या एका तऱ्हेवाईक गृहस्थाच्या शिरेंत मेंढराचें रक्त घातलें. पुढच्याच महिन्यांत पॅरिस येथें झां-बाप्तीस्त दनी या वैद्यानें आंत्वान मोरवा नामक वेडसर मनुष्यास वासराचें रक्त दिलें. वासरूं गरीब प्राणी. तेव्हां त्याच्या रक्तानें वेड्याचा क्षोभ शमेल, ही त्यामागची अटकळ. १६६८ च्या आरंभीं मोरवा मरण पावला. खटला होऊन वैद्य निर्दोष ठरला व विषप्रयोगाचा संशय मृताच्या पत्नीवर आला. परंतु वैद्यकपीठाच्या संमतीवांचून असे प्रयोग करूं नयेत, असा निर्बंध मात्र पडला.

त्या वैद्यांस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. ‘रक्तांतच आहे त्याच्या,’ असें आम्हीहि नित्य म्हणतोंच. ही समजूत निरुपद्रवी असती तर तिचा विचार करण्याचें कारण नव्हतें. पण कार्ल लँडस्टायनर यानें १९०१ सालीं रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केल्यावरहि, दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या रेडक्रॉसनें कृष्णवर्णी दात्यांचें रक्त वेगळें ठेविलें. ही चाल १९५० पर्यंत टिकली!

याच्या उलट साक्ष पाहावी. क्रिश्चन बर्नार्ड यांनीं ३ डिसेंबर १९६७ रोजीं केपटाउन येथें मनुष्याच्या हृदयाचें पहिलें आरोपण केलें. २ जानेवारी १९६८ रोजीं त्यांनीं फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या दंतवैद्यास एका मिश्रवर्णीय तरुणाचें हृदय दिलें. कायद्यानें ज्या दोघांस एका वस्तींत राहण्याची मनाई, त्यांतील एकाचें हृदय दुसऱ्याच्या छातींत एकोणीस महिने सुखेनैव चाललें. हृदयास वर्ण ठाऊक नव्हता.

मग स्वभावाचें काय? १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्ना येथील पाहणींत अशा ४७ रोग्यांस हाच प्रश्न विचारला होता. सुमारें चार पंचमांशांनीं कांहींच पालट झाला नाहीं असें सांगितलें. कांहींनीं पालट मान्य करून तो मरणाच्या दाढेंतून परत आल्याचा परिणाम मानिला. नव्या हृदयाकडे बोट दाखविणारे अवघे तिघे निघाले. त्यांचा अनुभव खोटा, असें आम्ही म्हणत नाहीं. मृत्यूचा उंबरठा पाहिलेला मनुष्य बदलतो. परक्याच्या मरणावर आपण जगतों ही जाणीवहि मनावर खोल ठसा उमटविते. परंतु स्मृति व स्वभाव यांचें अधिष्ठान मेंदू होय. हृदय काढतांना त्याचे मज्जातंतूहि तोडले जातात.

अवयवाबरोबर शील येतें असें जो मानील, तो उद्यां दात्याची जात विचारील, आणि मरणाच्या दारीं असतांहि नको म्हणेल. मोरवाच्या वेळीं अज्ञान ही सबब होती. आम्हांस ती सबब उरलेली नाहीं.