विहीर कोणत्या दगडातली?

मंडळी, आपल्या कोल्हापूर भागात विहीर खणायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: मुरूम लागला की काळा पाषाण? किती परस खोल, हे नंतर. तेलाच्या विहिरींचंही असंच आहे. त्यांची ओळख खोलीपेक्षा, तेल ज्या थरातून येतं त्या थरावरून ठरते.

आपल्या देशातली उदाहरणं बघू. आसामात दिग्बोईला 1889 मध्ये तेल लागलं, गुजरातेत अंकलेश्वरला 1960 मध्ये. दोन्हीकडे वालुकाश्म, म्हणजे तेल वाळूच्या कणांमधल्या फटींत. 1973 मध्ये जगात तेलाचे भाव भडकले आणि परदेशी तेलावर चालणारा आपला देश अडचणीत आला. अशा वेळी, फेब्रुवारी 1974 मध्ये, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात ‘सागर सम्राट’ला तेल लागलं. तेच मुंबई हाय. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. इथला खडक मात्र चुनखडीचा. थरांना नावं एल-दोन, एल-तीन अशी; मुख्य साठा एल-तीनमध्ये.

ही नावं कागदापुरती नाहीत बरं का. एका थरात तेल, दुसऱ्यात वायू, तिसऱ्यात पाणी असू शकतं. दाबही वेगळे. थराची नोंद चुकली आणि दोन थर एकत्र उघडले, तर पाणी शिरतं आणि तेल खालीच अडकतं.

आता गंमत बघा. बडोद्याजवळ पादऱ्याला तेल मिळालं ते बेसॉल्टच्या भेगांमधून. म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणातून! मग कोल्हापुरात का नाही? कारण बेसॉल्ट तेल तयार करत नाही, फक्त साठवतो. पादऱ्याला शेजारी खंबातच्या खोऱ्यातला सेंद्रिय गाळाचा शेल आहे. तेल तिथून भेगांत शिरलं. आपल्याकडे तसा शेजार नाही. कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतले, तेव्हा सुमारे 930 मीटर बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा पाषाण निघाला. मध्ये गाळाचा थर नाहीच.

म्हणून कुणी ‘आमच्या रानात तेलाचा तवंग दिसला’ म्हणून पैसे गोळा करू लागला, तर आपण एवढंच विचारायचं: बाबा रे, दगड कोणता, आणि त्याच्या शेजारी काय आहे?